फाटकापलीकडची टेकडी

विलो फोर्क, मोंटाना
३ मार्च १९९४

प्रिय कोरिन,

गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं आणि तू आता नर्सला नकाशे वाचायला शिकवते आहेस, असं तुझ्या शेजारणीनं फोनवर सांगितलं. तुझ्याशी फोनवर बोलण्यात अर्थ नाही, तू मला बोलूच देत नाहीस. म्हणून हे पत्र. नाताळच्या कार्डाशिवाय मी तुला दहा वर्षांत काही लिहिलेलं नाही, तेव्हा कोणी गेलं की काय असं वाटून घाबरू नकोस. सगळे आहेत. गायी व्यायला लागल्यात. सत्तावीस वासरं झाली, त्यातलं एक आडवं आलं होतं, ते मी आणि गुरांच्या डॉक्टरनं मिळून काढलं.

आता कामाचं. पोस्टात भिंतीवर एक नोटीस लागली आहे. सरकारी जमीनखातं आपली मॅगपाय टेकडी देऊन टाकतंय. कोणाला, तर उत्तरेकडचं बार्स्टोचं रँच गेल्या वर्षी ज्यानं घेतलं त्या ग्रेडन कोल्व्हिनला. कॅलिफोर्नियाचा आहे. बदल्यात तो हायवेजवळचा खारट माळ देणार, जिथं गवताचं पातं शोधायला चष्मा लागतो.

पन्नास वर्षं माझी गुरं तिथं चरतायत. तीन बाजूंनी माझी जमीन, चौथ्या बाजूला आता हा. उद्या त्यानं तार ओढली की मी माझ्याच टेकडीकडे खालून बघत बसायचं. तू जन्मभर सरकारी जमिनींवर पुस्तकं लिहिलीस, त्याचा घरच्यांना आजवर काडीचा उपयोग झालेला नाही. आता एक पत्र लिही. वाचून त्या लोकांना घाम फुटला पाहिजे.

तुझा भाऊ,
आर्लन

ता. क. मोठे मोठे शब्द घाल. मला कळले नाहीत तरी चालतील.


ड्युलुथ, मिनेसोटा
९ मार्च १९९४

प्रिय आर्लन,

पाकिटावर तुझं अक्षर बघितलं आणि कोण गेलं असेल याची मनात यादीच केली. मग ‘घाबरू नकोस’ वाचलं आणि पलंगावर एकटीच हसत सुटले. नर्सबाई धावत आल्या. त्यांना वाटलं गोळ्यांचा परिणाम.

पत्र लिहिणार, अगदी मनापासून लिहिणार. पण आधी एक गोष्ट सरळ करू. तू टेकडीला एकदा ‘आपली’ म्हणालास आणि एकदा ‘माझी’. आर्लन रोव्हांग, ती टेकडी तुझी नाही. तो एक मैल लांब आणि एक मैल रुंद चौकोन या देशातल्या सगळ्यांचा आहे. जितका तुझा तितकाच फ्लोरिडातल्या एखाद्या न्हाव्याचा. तुझ्याकडे आहे तो चराईचा परवाना. हे मी तुला १९४८ पासून सांगते आहे आणि दर वेळी तू उठून गुरांना पाणी पाजायला जातोस.

तीस वर्षं मी वर्गात पोरांना हेच सांगत आले. राष्ट्रीय उद्यानांवर प्रेम करायला अक्कल लागत नाही. तिथं गरम पाण्याचे फवारे आहेत, अस्वलं आहेत, पोस्टकार्डं मिळतात. खरी परीक्षा असते ती नकाशावरच्या पिवळ्या चौकोनांची. ज्यांना नाव नाही, पाटी नाही, तिकीटखिडकी नाही, अशा जमिनी. त्या लोकांच्या आहेत हे लोकांनाच ठाऊक नसतं, आणि म्हणून त्या गुपचूप हातातून जातात. तू आता जांभई देतो आहेस, मला इथून दिसतंय.

नोटिशीत अदलाबदलीचं कारण काय दिलंय ते शब्दन् शब्द उतरवून पाठव. आणि सुनावणी कधी, कुठे, तेही कळव.

तुझी,
कोरिन


विलो फोर्क
१७ मार्च

प्रिय प्राध्यापिकाबाई,

जांभई दिली नाही. झोपलोच.

सुनावणी २६ एप्रिलला, शाळेच्या जिममध्ये. ज्याला यायला जमत नाही त्यानं त्याआधी पत्र पाठवलं तरी चालतं. आता कारण, नोटिशीत आहे तसं: ‘सदर जमिनीला सभोवार खासगी मालमत्ता असून तेथे जाण्यास सर्वसामान्य जनतेस कोणतीही वाट उपलब्ध नाही. परिणामी जनतेला तिचा उपयोग नाही.’

हे खरंच आहे. वाट माझ्या फाटकातून जाते आणि फाटकाला कुलूप आहे. उगाच नाही लावलं. एकदा उघडलं की आलेच सगळे. वर्ना हॉगन, आपल्या ग्रंथालयातली, तीनदा दुर्बीण गळ्यात घालून आली. म्हणे वर गरुडाचं घरटं आहे, बघू द्या. तीनदा मी तिला परत पाठवली. तिसऱ्यांदा तिनं मला जे म्हटलं ते ग्रंथालयातल्या बाईच्या तोंडी शोभत नाही. तेव्हापासून तिच्याकडे पुस्तक मागितलं की ते ‘बाहेर गेलेलं’ असतं.

पण कोल्व्हिनला टेकडी द्यायची हे त्यावरचं औषध झालं का? तो तर वर्नालाच काय, मलासुद्धा पाय ठेवू देणार नाही. एवढंच लिही पत्रात. आर्लन रोव्हांग पन्नास वर्षं ती जमीन सांभाळतोय, त्याला ठेवू द्या.

गुडघा वाकतो का?

आर्लन


ड्युलुथ
२४ मार्च

प्रिय आर्लन,

गुडघा नव्वद अंशांपर्यंत वाकतो. तू किती वाकतोस ते आता बघू.

नोटिशीतलं ते वाक्य चुकीचं आहे. टेकडीवर जायला सगळ्यांसाठी वाट आहे, आणि ती तुझ्या फाटकातूनच जाते. १९१३ साली आपल्या भागातल्या बारा शेतकऱ्यांनी कौंटीकडे अर्ज केला की गावच्या रस्त्यापासून टेकडीच्या झऱ्यापर्यंत सार्वजनिक रस्ता असावा. कौंटीनं तो मंजूर करून रस्त्यांच्या वहीत चढवला. अर्जावर पहिली सही आजोबांची आहे. नील्स रोव्हांग, त्या जाडजूड ‘न’सकट.

असा रस्ता एकदा लोकांचा झाला की लोकांचाच राहतो, कौंटीनं ठराव करून बंद करेपर्यंत. तसा ठराव कधी झालेला नाही. बाबांनी १९५२ साली फाटक घातलं आणि कुलूप लावलं. कुलूप लावल्यानं रस्ता खासगी होत नाही. फक्त लोक विचारायचे थांबतात.

आता नीट ऐक. ‘वाट नाही’ या एका वाक्यावर त्यांची सगळी अदलाबदल उभी आहे. वाट आहे असं दाखवलं की ती कोसळली, टेकडी वाचली. पण त्यासाठी तुला फाटक उघडावं लागेल. तुझ्यासाठी टेकडी ठेवा आणि बाकीच्यांसाठी बंद ठेवा, असं पत्र मी लिहू शकत नाही. तसं लिहायला कोल्व्हिनकडे वकील आहेत.

विचार कर. रागावू नकोस. रागावणारच आहेस, तर लवकर रागावून घे, दिवस थोडे आहेत.

कोरिन


विलो फोर्क
३० मार्च

कोरिन,

मी तुझ्याकडे मदत मागितली होती.

गुडघा बांधून पलंगावर पडल्या पडल्या तुला १९१३चा कागद कुठून मिळाला? तुझा तो प्रसिद्ध नकाशा माझ्या स्वयंपाकघरात लावलेला आहे. माझ्या मार्लिसनं त्याला चौकट करून घेतली होती. मोंटानातल्या सरकारी जमिनी आणि तिथं जाणारे सगळे रस्ते. शिकारी लोक त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतात. आज सकाळी मी भिंग घेऊन पाहिलं. माझ्या फाटकातून जाणारा रस्ता त्यात नाही.

मग खोटं कोण बोलतंय, तुझा नकाशा की तू?

हे सगळं तुला सोपं आहे. तू शहरात बसून लोकांच्या हक्कांबद्दल बोलतेस आणि तुझे हात कायम स्वच्छ. इथं राहायचं मला आहे. पत्र लिहू नकोस. माझं मी बघेन.

आर्लन


ड्युलुथ
१२ एप्रिल

प्रिय आर्लन,

आठवडाभर हे पत्र लिहून लिहून फाडते आहे. जी बाई कोणाला बोलूच देत नाही असं तू जन्मभर म्हणत आलास, तिची ही गत.

खोटं दोघंही बोललो, नकाशा आणि मी.

१९६९ साली, नकाशाचं काम चालू असताना, मी कौंटीच्या कोर्टाच्या तळघरात बसून रस्त्यांच्या वह्या वाचत होते. उंदरांच्या वासात सहा आठवडे. तिथं मला आजोबांची सही सापडली. मला इतका आनंद झाला की मी ती वही घेऊन जिने चढून वर गेले आणि कारकुनाला दाखवली. रस्ता मी नकाशावर काढला. शाईनं, पारदर्शक कागदावर, माझ्या हातानं.

त्याच शरद ऋतूत मी घरी आले होते, आठवत असेल. बाबा तेव्हा खचत चालले होते. एक दिवस कोणी शिकारी फाटकाशी आला आणि बाबा काठी टेकत तिथवर गेले, त्याला परत पाठवला, आणि आत येऊन तुला म्हणाले, ‘अजून ऐकतात माझं.’ किती खूश होते. तू त्यांना कॉफी दिलीस. मी खिडकीशी उभी राहून ते सगळं पाहिलं.

परत गेले आणि ब्लेड घेऊन ती रेघ खरवडून टाकली. पाऊण इंच होती. मोंटानाभरचे दोन हजारांवर रस्ते मी त्या नकाशात दाखवले, बड्या बड्या जमीनदारांशी भांडून दाखवले, दोघांनी तर मला कोर्टात खेचलं. आणि एक रस्ता लपवला. बाबांसाठी लपवला असं मी स्वतःला सांगत आले. पण बाबा १९७५ला गेले. त्यानंतर नकाशाच्या आणखी तीन आवृत्त्या निघाल्या आणि तिन्ही वेळा मी तो पाऊण इंच तसाच कोरा ठेवला. कारण मग फाटक तुझं होतं, आणि तू एकदा बोलायचा थांबलास की वर्षानुवर्षं थांबतोस.

लोकांना वाट नाही, असं सरकारनं कशाच्या आधारे लिहिलं असेल? मी खात्यात फोन करून विचारलं. फोन उचलणाऱ्या मुलानं मोठ्या आदरानं सांगितलं, ‘मॅडम, तुमचाच नकाशा पाहिला.’

तेव्हा टेकडी जाते आहे ती माझ्यामुळे. माझे हात स्वच्छ नाहीत, आर्लन. चांगले बरबटलेले आहेत.

सोबत खात्याला लिहिलेलं पत्र आहे. पाकीट बंद केलेलं नाही, तिकीट लावलेलं आहे. त्यात मी फक्त माझी चूक कबूल केली आहे. तुला दोष देणारा शब्द नाही. पण ते वाचलं की फाटक उघडावंच लागेल, म्हणून ते तुझ्याकडे पाठवते आहे. पेटीत टाक नाहीतर चुलीत घाल. दुसरी प्रत ठेवलेली नाही.

काहीही केलंस तरी माझ्याशी बोलायचं थांबवू नकोस.

कोरिन


विलो फोर्क
१७ एप्रिल

प्रिय कोरिन,

तुझं पत्र पोस्टाच्या पायरीवरच वाचलं. ‘ब्लेड’पर्यंत आलो आणि जो हसायला लागलो तो थांबेचना. पोस्टमास्तरीण बाहेर आली, पाणी देऊ का म्हणाली. घरी येताना गाडीत हसलो. जेवताना हसलो. बासष्ट वर्षं मी तुला घाबरून राहिलो. शाळेत सफरचंद चोरलं की तू सांगणार. कर भरताना एक गाय कमी लावली की तुला कळणार. आणि तू? अख्ख्या राज्याला फसवलंस, तेही छापून, चार आवृत्त्या.

मार्लिस असती तर तिनं त्या चौकटीवर फूल ठेवलं असतं.

आता माझंही ऐक, म्हणजे फिट्टंफाट होईल. वर्नाला मी परत पाठवली ती बाबांसारखा रुबाब दाखवायला नाही. मार्लिसला जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून रोज सकाळी गुरांचं आटोपलं की मी वर जातो. तिथं बसतो आणि रडतो. चांगली दहा-पंधरा मिनिटं, नाक वाहेपर्यंत. मग खाली येऊन कॉफी पितो. घरात रडू येत नाही, घरात तिचे डबे आहेत आणि ते नीट लावायचे असतात. वर कोणी आलं तर मला असं बघेल, या धास्तीनं मी ते कुलूप ठेवलंय. एकाहत्तर वर्षांच्या माणसानं हे बहिणीला लिहावं का, मला माहीत नाही. पण तू रेघ खरवडलीस, तर मी एवढं लिहितो.

कोल्व्हिनला टेकडी गेली तर मी जाणार कुठे? आणि फाटक उघडलं तर तिथं जाऊन करणार काय? दोन्हीकडून माझी पंचाईत. रात्रंदिवस तेच डोक्यात आहे.

तुझं पत्र पेटीत टाकलेलं नाही. चुलीतही घातलेलं नाही. टोपीत आहे.

आर्लन


विलो फोर्क
२७ एप्रिल

प्रिय कोरिन,

काल सुनावणी झाली. सांगतो सगळं, मधे बोलू नकोस.

बास्केटबॉलच्या जाळीखाली टेबल मांडलेलं. खात्याची तीन माणसं, मधे मिसेस पेट्री नावाची बारीकशी बाई, आणि तिच्यापुढे अंडी उकडताना लावतात ते घड्याळ. माणशी तीन मिनिटं, ट्रिंग झालं की खाली बसायचं. चर्चच्या बायकांनी कॉफी आणि रुबार्बचा केक ठेवला होता. माणसं शंभराच्या वर. एवढी तर नाताळच्या प्रार्थनेलाही येत नाहीत.

कोल्व्हिन पहिला बोलला. माणूस सभ्य आहे, उगाच वाईट कशाला म्हणू. म्हणाला, त्या टेकडीवर वर्षानुवर्षं कोणी फिरकत नाही, मग माझ्याकडे आल्यानं कोणाचं काय बिघडलं? लोकांनी माना डोलावल्या. खरंच होतं ते. कोणी फिरकत नाही, कारण मी फिरकू देत नाही. मला बसल्या जागी घाम फुटला. तुझ्या पत्रानं त्यांना फुटायचा होता.

नाव पुकारलं. मी चारचौघांत शेवटचा बोललो तो १९६१ साली, बैलाच्या बक्षिसाबद्दल आभार मानायला, आणि तेव्हा ‘आभार’ एवढंच बोललो होतो. उठलो, टोपीतून तुझं पत्र काढलं आणि वाचायला लागलो. म्हटलं पेटीत टाकलं तर कोणीतरी परकं माणूस वाचेल. बहिणीची चूक भावानंच वाचावी.

तुला थोडक्यात लिहिताच येत नाही. मी जेमतेम कोर्टाच्या तळघरात पोचलो होतो तर ट्रिंग. मिसेस पेट्री म्हणाली, ‘आभारी आहे, मिस्टर रोव्हांग.’ मी तसाच उभा. बसावं की काय करावं कळेना.

तेवढ्यात मागून आवाज आला, ‘माझी तीन मिनिटं त्यांना द्या.’

बघतो तर वर्ना हॉगन. दुर्बीण गळ्यात होतीच. आपल्याकडे आपली मिनिटं दुसऱ्याला देता येतात, हे तुला माहीत आहे, पण मला आजवर कोणी दिली नव्हती आणि मी कोणाला दिली नव्हती. मी पुढे वाचलं. तू ब्लेडनं रेघ खरवडलीस तिथं आलो तेव्हा चर्चच्या बायकांनी कॉफी ओतणं थांबवलं. मग ते वाक्य आलं, ‘मी हे केलं कारण तो माझा भाऊ आहे आणि मला तो गमवायचा नव्हता.’ हे तू सरकारी कागदात कशाला घातलंस, कोरिन? पुढची ओळ दिसेना. चष्मा पुसत राहिलो. ट्रिंग.

‘माझीही घ्या,’ पाद्रीबाबा म्हणाले. मग ब्रँडव्होल्ड उठला, ज्याच्याशी पाण्यावरून माझं बोलणं बंद आहे. ‘माझी पण.’ मग आमची रांगच्या रांग. मिसेस पेट्रीनं कागदावर बेरीज केली आणि म्हणाली, ‘मिस्टर रोव्हांग, तुमच्याकडे चोवीस मिनिटं आहेत.’

पत्र एका मिनिटात संपलं. राहिली तेवीस. शंभर माणसं माझ्या तोंडाकडे बघतायत आणि माझ्याकडे सांगायला काही नाही. मी खांबाकडे बघितलं, केककडे बघितलं. दोन मिनिटं तरी अशीच गेली असतील. मग म्हटलं, ‘रस्ता तुमचा आहे. कुलूप माझं आहे. आधी बापाचं होतं, पुढे मी चालवलं. उद्या सकाळी काढतो.’ आणि किल्ली काढून मिसेस पेट्रीच्या पुढ्यात ठेवली.

टाळ्या वाजल्या. वर्ना रडली, वर म्हणते मी रडलेच नाही. कोल्व्हिननं येऊन हात मिळवला आणि म्हणाला, हे मला आधी माहीत असतं तर मी मागितलीच नसती. खरं असेल, नसेल.

बाहेर येऊन पिकअपमध्ये बसलो तेव्हा कळलं की मी गाडीची किल्ली ठेवून आलोय. परत आत जाऊन सगळ्यांसमोर मागून घ्यावी लागली. त्या वेळी टाळ्या जास्त पडल्या.

कुलूप आज सकाळी काढलं.

आर्लन


ड्युलुथ
४ मे

प्रिय आर्लन,

मधे बोलले नाही. एकदाही नाही. वाचून झाल्यावर मात्र नर्सबाईंना पूर्ण पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि चोवीस मिनिटांपाशी त्या इतक्या हसल्या की माझा व्यायाम बुडाला.

मी विद्यापीठाला आणि नकाशा छापणाऱ्यांना कळवलं आहे. एका जुन्या विद्यार्थ्याचं पत्र आलं, की बाई, तुम्हीसुद्धा? त्याला लिहिलं, हो, मीसुद्धा. दुसरा म्हणतो पाऊण इंचाचं एवढं काय. त्याला जास्त फैलावर घेतलं. पाचव्या आवृत्तीचं काम मी पलंगावर बसून सुरू केलंय. काल ती रेघ परत काढली. सरळ आली आहे.

तू वर जातोस का रे अजून? त्याबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस. मी फाटक उघडायला लावलं आणि तुझी ती एक जागा घालवली, हे मला सलतंय. टेकडी वाचली याचा आनंद आहे, खूप आहे, पण रात्री जाग आली की हेच आठवतं. खरं काय ते लिही. बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस.

कोरिन


विलो फोर्क
२१ जून

प्रिय कोरिन,

उशीर झाला, गवत कापणी चालू होती.

आधी बातमी. अदलाबदल रद्द. नवी नोटीस जुनीवरच चिकटवली आहे, ‘सार्वजनिक रस्ता उपलब्ध असल्याचे आढळून आल्याने.’ कौंटीनं फाटकाशी तपकिरी पाटी लावली. तिच्याखाली मी माझी एक लावली, ‘आत जा, पण फाटक लावून घ्या.’ अर्धे लोक लावत नाहीत. गेल्या मंगळवारी माझ्या अकरा गायी गावातल्या पेट्रोल पंपावर जाऊन उभ्या होत्या. लोकशाही ही अशी असते, असं वर्ना म्हणते. तिनं मला गरुडाची दोन पिल्लं दाखवली. ग्रंथालयात सगळी पुस्तकं एकदम ‘आत’ आली आहेत.

आता तू विचारलंस ते. खरं सांगायचं तर मी जायचा थांबलो होतो. मे महिनाभर गेलो नाही. सकाळी खालून बघायचो, वर माणसं हलताना दिसायची, आणि मी कोठारात जाऊन काहीतरी ठोकत बसायचो. तुझ्यावर चिडलोही होतो. लिहिलं नाही ते म्हणूनच.

जूनच्या पहिल्या रविवारी मार्लिसचा वाढदिवस होता. राहवेना. गुरांचं आटोपलं आणि निघालो. म्हटलं लोक असले तर लांबूनच मागे फिरेन. वर गेलो तर चौदा माणसं. मी मोजली. मी नेहमी बसतो त्या बाजूला एक जाड बाई बसली होती, दोन मुली, पुढ्यात डबा. परगावची असावी, मला ओळखत नव्हती. खाली फाटकाशी एका गाडीला ओहायोची नंबरपाटी होती, ती गाडी बहुतेक तिचीच. मी आपला टोपी हातात घेऊन उभा. मागे फिरायचं होतं, पण पाय निघेना. आणि तिथंच, त्या सगळ्यांच्या देखत, माझे डोळे वाहायला लागले. ज्याची चार वर्षं धास्ती घेतली होती तेच झालं.

तिनं माझ्याकडे बघितलं. कोण तुम्ही, काय झालं, काही विचारलं नाही. मुलीला म्हणाली, ‘सरक गं जरा, यांना बसू दे.’ स्वतःही सरकली.

मी बसलो, कोरिन. माझं रडून होईपर्यंत मुली डब्यातलं खात राहिल्या. मग तिनं अर्धं सँडविच दिलं आणि खालच्या घराकडे बोट दाखवून विचारलं, तिथं कोण राहतं. मी म्हटलं, आमचा एक शेजारी.

रोज जातो आता. कोणी असलं तर सरकतात.

आर्लन